वाहनास थांबवितो तो रस्ता

ढकलल्यावाचून वस्तू हलत नाही आणि ढकलणे थांबले की वस्तूही थांबते, हा सिद्धान्त आपणांस कोणी शाळेत शिकविलेला नसतो; हातगाडी, विहिरीचा रहाट आणि घरातील जड कपाट यांच्या सहवासात तो अक्षरओळखीच्याही आधी अंगवळणी पडलेला असतो. ॲरिस्टॉटलसारख्या प्रकांड पंडिताचे मतही स्थूलमानाने हेच होते, आणि युरोपातील विद्यापीठांत त्या मताचा अंमल शतकानुशतके चालला. गुळगुळीत उतरणीवरून गोळे सोडून गॅलिलिओने त्या अंमलाला पहिला प्रबळ हादरा दिला. अडथळा जितका कमी करावा तितकी गती अधिक काळ टिकते आणि अडथळा मुळीच नसेल तर सपाट पृष्ठभागावरील गती आपण होऊन संपण्याचे काही कारणच उरत नाही, या विचाराची मांडणी १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अखेरच्या ग्रंथात आढळते. पुढे १६८७ साली न्यूटनने ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथात त्या विचाराला नियमांचे रूप दिले. बल लागते ते गती टिकविण्यासाठी नव्हे, तर ती बदलण्यासाठी, मग तो बदल वेग वाढविण्याचा असो, घटविण्याचा असो किंवा केवळ दिशा फिरविण्याचा असो. हा बदल किती त्वरेने घडेल हे बलाच्या सम प्रमाणात आणि वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात ठरते. आणि एका वस्तूने दुसरीवर जे बल लावावे तेवढेच बल दुसरी पहिलीवर उलट दिशेने लावते.

हे तीन नियम तोंडपाठ म्हणून दाखविणारी माणसे आपल्याकडे काही थोडीथोडकी नाहीत. परंतु तीच माणसे मोटारीच्या चक्रापाशी किंवा दुचाकीच्या आसनावर बसली की न्यूटनला विसरून ॲरिस्टॉटलच्या काळात राहावयास जातात, ॲक्सिलरेटरवरील पाय काढला म्हणजे गाडी थांबण्याच्या बेतात आली असे समजतात, आणि ब्रेक दाबला म्हणजे आपले कर्तव्य संपले असे मानतात. ज्यांस रोज रस्त्यावर वावरावे लागते अशा चालक, प्रवासी व पादचारी वाचकांनी हे नियम वहीतून काढून व्यवहारात कसे आणावेत, एवढ्याच मर्यादित हेतूने पुढील विवेचन केले आहे.

प्रथम एक प्रश्न स्वतःस विचारावा: गाडी कोण चालविते? इंजिन, हे उत्तर स्वाभाविक असले तरी पुरते खरे नाही. इंजिन गाडीच्याच पोटात बसलेले आहे, आणि वस्तूची गती बदलण्यास बल बाहेरून यावे लागते. इंजिन फक्त चाक फिरविते. फिरणारे चाक रस्त्याला मागे रेटते, आणि तिसऱ्या नियमानुसार रस्ता चाकाला, पर्यायाने गाडीला, पुढे रेटतो. याचा दाखला हवा असल्यास कोकणातल्या एखाद्या पाणंदीत जुलै महिन्यात रुतलेली जीप पाहावी. इंजिन पूर्ण जोरात गरजत असते, चाके वाऱ्यासारखी फिरत असतात, मागे उभ्या असलेल्यांच्या कपड्यांवर चिखलाचा सडा पडत असतो, आणि जीप मात्र तसूभरही हलत नाही. कारण शक्तीची उणीव नसून रेटा देणाऱ्या घर्षणाची उणीव असते. चाकाखाली दगड, फांद्या किंवा गोणपाट घातले की तेच इंजिन तीच जीप बाहेर काढते.

जे चालण्याविषयी खरे तेच थांबण्याविषयी आणि वळण्याविषयीही खरे आहे. ब्रेक हा चाकाचे फिरणे रोखतो. गाडीला रोखतो तो रस्ता. स्टिअरिंग पुढील चाकांची दिशा बदलते. गाडीची दिशा बदलतो तो रस्ता. आणि हे सर्व कार्य रस्ता ज्या जागेतून करतो ती जागा म्हणजे प्रत्येक टायरचा जमिनीला टेकलेला, सामान्य मोटारीच्या बाबतीत जेमतेम तळहाताएवढा तुकडा. घर्षण हा चालकाच्या स्वाधीन केलेला एक खजिना आहे, त्याची एकूण रक्कम रस्ता आणि टायर मिळून ठरवितात, आणि वेग वाढविणे, थांबणे व वळणे ही तिन्ही खाती त्याच एका शिलकेवर चालतात, एवढे ज्याने मनोमन मान्य केले त्याला पुढील सारे सल्ले पाठ करावे लागणार नाहीत; ते त्याचे त्यालाच सुचतील.

आता थांबण्याचा हिशेब पाहू. कोरड्या, चांगल्या डांबरी रस्त्यावर उत्तम टायरच्या गाडीचा वेग जोरदार ब्रेकने दर सेकंदाला सुमारे ७ मीटर प्रतिसेकंद इतका घटविता येतो असे धरू. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. या वेगातील गाडी ब्रेक लागल्यावर सुमारे ७ मीटरांत थांबते. वेग दुप्पट, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर केला, तर अंतर दुप्पट होत नाही. ते चौपट होते, सुमारे २९ मीटर. तिप्पट वेगाला, ताशी १०८ किलोमीटरला, ते नऊपट होऊन ६४ मीटरांवर जाते. शिवाय समोरचे संकट डोळ्यांनी टिपून पाय ब्रेकवर जाईपर्यंत सावध माणसाचाही सुमारे एक सेकंद जातो, आणि त्या सेकंदात गाडी अनुक्रमे १०, २० आणि ३० मीटर पुढे गेलेली असते. बेरीज केली तर १७, ४९ आणि ९४ मीटर. वेग वर्गाच्या प्रमाणात वसुली करतो, ही गोष्ट मनुष्याच्या अंदाजाला सहजासहजी पटत नाही, आणि माझ्या मते महामार्गावरील पुष्कळशा अनर्थांचे मूळ उद्दामपणापेक्षा या चुकलेल्या त्रैराशिकात आहे. यास्तव पुढील वाहनापासूनचे अंतर मीटरांत मोजण्याच्या भरीस न पडता वेळेत मोजावे: पुढची गाडी एखाद्या खांबापाशी किंवा झाडापाशी आली की मनात मोजणी सुरू करावी, आणि आपण त्याच खुणेपाशी पोहोचेपर्यंत कोरड्या दिवसात किमान तीन सेकंद जावेत, पावसात ही मुदत दुप्पट करावी.

कारण पावसात खजिन्याची रक्कमच घटते. ओल्या रस्त्यावर ब्रेकने होणारी वेगातील घट दर सेकंदाला ४ मीटर प्रतिसेकंदाच्या आसपास येऊ शकते, आणि मग ताशी ७२ किलोमीटरच्या गाडीस नुसते ब्रेक लागल्यापासून २९ ऐवजी ५० मीटर लागतात. त्यातही सर्वांत फसवा दिवस मुसळधार पावसाचा नसून पहिल्या सरीचा असतो. उन्हाळाभर रस्त्यावर गळलेले तेल, रबराची पूड आणि धूळ यांचा त्या सरीने एक निसरडा लेप तयार होतो. पुढे चारदोन मोठ्या सरींनी तो धुऊन निघतो, तोवर मृगाचा आनंद घरात बसून घेणे श्रेयस्कर. साचलेल्या पाण्याची गोष्ट निराळी. टायरवरील खाचांचे काम चाकाखालचे पाणी बाजूस काढून देण्याचे असते. खाचा झिजल्या आणि वेग जास्त असला म्हणजे पाण्यास निघून जाण्यास सवड मिळत नाही, टायर पाण्याच्या थरावर उचलला जातो, आणि तेवढ्या क्षणापुरता रस्त्याशी संबंधच तुटल्यामुळे ब्रेक व स्टिअरिंग दोन्ही निष्फळ होतात. अशा वेळी घाबरून ब्रेक दाबू नये. ॲक्सिलरेटर हळूच सोडून, चक्र सरळ धरून टायर पुन्हा जमिनीला लागण्याची वाट पाहावी. मोटारीच्या टायरच्या खाचांची खोली १.६ मिलिमीटरहून कमी असू नये अशी कायद्याची मर्यादा आहे, पण मर्यादा गाठेपर्यंत थांबण्याचा हट्ट पावसाळी प्रदेशात कोणी करू नये.

चाक पूर्ण जखडले गेले की टायर रस्त्यावर घासत जातो. घासणाऱ्या टायरचे घर्षण हे लोळणाऱ्या टायरला मिळणाऱ्या कमाल घर्षणाहून बहुधा कमी असते, आणि त्याहून वाईट म्हणजे घसरणारे पुढचे चाक गाडीला दिशा देऊ शकत नाही. अलीकडच्या वाहनांतील एबीएस ही यंत्रणा चाक जखडण्याच्या बेतात आले की ब्रेकचा दाब क्षणभर सोडून पुन्हा धरते. त्या वेळी पायाखाली जी थरथर जाणवते तिला भिऊन पाय उचलणे ही चूक होय. ही सोय नसलेल्या गाडीत चालकाने तेच काम पायाने करावयाचे असते, दाब थोडा सैल करून पुन्हा द्यावयाचा असतो. दुचाकीस्वारांमध्ये पुढचा ब्रेक लावला की गाडी उलटते असा एक समज रूढ आहे. वस्तुतः वेग घटताना गाडीचा भार पुढच्या चाकावर सरकतो, त्यामुळे घर्षणाचा मोठा वाटा पुढेच उपलब्ध होतो आणि मागचे चाक हलके होऊन लवकर घसरते. सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक एकदम, पण पुढचा क्रमाक्रमाने दाबावा. वाळू, खडी किंवा शेणाचा राडा असेल तेथे आणि गाडी झुकलेली असताना मात्र पुढच्या ब्रेकला हात लावू नये.

वळणाविषयी लोकांच्या मनात एक विचित्र भ्रम आहे, तो असा की वळणावर कोणतेतरी बल आपल्याला बाहेर फेकते. बसमध्ये शेजाऱ्याच्या अंगावर कललेल्या माणसाला ते खरेही वाटते. परंतु रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहणाऱ्यास दिसते ते एवढेच की, बस वळली आणि माणूस जडत्वाने सरळ जाऊ लागला. वळण्यासाठी आतल्या बाजूस बल लागते. ते मिळाले नाही तर वाहन बाहेर फेकले जात नाही, ते आपल्या सरळ मार्गाने निघून जाते, आणि दुर्दैवाने दरी त्या मार्गातच असते. हे आतले बल वेगाच्या वर्गाबरोबर वाढते आणि वळणाची त्रिज्या जितकी लहान तितके अधिक लागते. त्रिज्या ५० मीटर असलेल्या सपाट वळणावर ताशी ३६ किलोमीटरने जाताना दर सेकंदाला २ मीटर प्रतिसेकंद इतके त्वरण पुरते. ताशी ७२ किलोमीटरला ते ८ लागते, आणि आपल्या खजिन्यात कोरड्या दिवशी ७ च आहे. म्हणजे तेथे कोणताही कुशल चालक, कितीही महाग गाडीत बसून, ते वळण घेऊ शकणार नाही. पावसात तर त्या वळणाची हद्द ताशी ५० किलोमीटरच्या जवळ संपते. रस्त्याला आतल्या बाजूस उतार दिलेला असल्यास थोडी मुभा मिळते. पण प्रत्येक वळणाला तो असेलच, किंवा योग्य दिशेने असेल, याचा जामीन कोणी राहत नाही.

वळणात शिरल्यावर वेग अधिक झाला असे ध्यानात येऊन जो ब्रेक दाबतो, तो ज्या शिलकेतून वळण्याचा खर्च चालला आहे तिच्यातूनच थांबण्याचा खर्च मागतो, आणि शिल्लक अपुरी ठरली की दोन्ही मागण्या एकदम तहकूब होतात. म्हणून वेग वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच, उतरवावा. वळणात तो स्थिर ठेवावा. आणि रस्ता सरळ दिसू लागल्यावर वाढवावा. उंच वाहनांना याखेरीज दुसरेही भय असते. गुरुत्वमध्य जितका उंच आणि चाकांमधील अंतर जितके कमी, तितके ते वाहन घसरण्याऐवजी कलंडण्याचा संभव अधिक. लग्नाच्या वऱ्हाडाचे सामान जीपच्या टपावर रचताना आपण गुरुत्वमध्य वर उचलीत आहोत याचे भान बांधणाऱ्यास नसते. जड जिन्नस खाली, चाकांच्या आसांमधल्या भागात आणि हलके जिन्नस वर, हा एवढा नियम पाळला तरी पुष्कळ साधते.

घाटाचा विचार थोडा विस्ताराने करणे भाग आहे, कारण तेथे आपल्या इच्छेविरुद्ध काम करणारे एक बल अहोरात्र हजर असते. उतारावरील वाहनाच्या वजनाचा एक अंश त्याला सतत खाली ओढतो; चढ २० स एक असेल तर तो अंश वजनाच्या विसाव्या हिश्शाएवढा. बोरघाटातील लोहमार्ग १८६३ साली वाहतुकीस खुला झाला, त्याचा सर्वांत तीव्र चढ ३७ स एक आहे. ऐकावयास तो क्षुल्लक वाटतो, पण १,००० टनांच्या गाडीवर तेवढ्या उतारावर सुमारे २७ टन वजनाइतकी ओढ पडते, आणि ती गाडी मोकळी सुटली तर एका मिनिटाच्या आत ताशी ५० किलोमीटरचा वेग घेते. पोलादी चाक पोलादी रुळावर लोळताना फारच थोडा विरोध होतो, हा रेल्वेचा सर्वांत मोठा गुण घाटात तिचा सर्वांत मोठा शत्रू बनतो. म्हणून चढताना कर्जतला मागून जादा इंजिने, ज्यांस रेल्वेचे लोक बँकर म्हणतात, जोडली जातात. रूळ निसरडे झाले तर चाकापुढे वाळू सोडण्याची तजवीज इंजिनात असते. उतरताना गाड्या ठरलेल्या जागी थांबवून मगच पुढे सोडल्या जातात. आणि इतके करूनही एखादी गाडी अनावर झालीच तर तिला चढाच्या दिशेने नेऊन निवविणारे कॅच सायडिंग बांधलेले आहे. लोहमार्गाने जी खबरदारी इतक्या काटेकोरपणे घेतली, ती शेजारच्या डांबरी रस्त्यावर प्रत्येक चालकाच्या मर्जीवर सोडलेली आहे.

या मर्जीचा सर्वांत घातक विलास म्हणजे उतारावर गाडी न्यूट्रल करणे. डिझेल वाचते अशी समजूत. प्रत्यक्षात आधुनिक इंजेक्शन पद्धतीचे इंजिन गिअरमध्ये असताना आणि ॲक्सिलरेटर सोडलेला असताना उतारावर इंधन जवळजवळ बंदच करते, आणि न्यूट्रलमध्ये मात्र स्वतः चालू राहण्यासाठी ते जाळीत राहते. २० स एक उतारावर न्यूट्रलमध्ये सोडलेल्या गाडीचा वेग अर्ध्या मिनिटात सुमारे ताशी ४० किलोमीटरने वाढतो. तो सारा वेग मग एकट्या ब्रेकने आवरावयाचा. १६ टनांचा ट्रक खंडाळ्याहून खोपोलीकडे सुमारे ५०० मीटर खाली येतो, तेव्हा त्याच्या उंचीतून मोकळी होणारी ऊर्जा सामान्य तापमानाचे अडीचशे लिटरांहून अधिक पाणी उकळीला आणण्याइतकी असते. तिचा मोठा वाटा लायनर आणि ड्रम यांनी उष्णतेच्या रूपाने सोसावा अशी अपेक्षा आपण करतो. एका मर्यादेपलीकडे तापलेल्या लायनरचे घर्षण घटते, पाय पूर्ण दाबला तरी गाडी धरीत नाही, आणि दुसऱ्या दिवशी ‘ब्रेक फेल झाल्याने’ अशी बातमी छापून येते. पुष्कळदा ब्रेक आधी निकामी झालेले नसतात. ते घाटाच्या माथ्यापासून हळूहळू निकामी केले जातात. ज्या गिअरमध्ये तो घाट चढावा लागला असता त्याच गिअरमध्ये तो उतरावा, म्हणजे इंजिनाचाच विरोध चाकांना मिळून वेग आवरला जातो. ब्रेक सतत घासत न ठेवता वेग वाढला की एकदा नीट दाबून उतरवावा आणि सोडून द्यावा. जळका वास आला की पुढच्या मोकळ्या जागी गाडी उभी करून ब्रेक निवू द्यावेत, मात्र तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नये. उतारावर इंजिन बंद करणे हे तर न्यूट्रलच्याही पुढचे साहस. मोटारीत ब्रेकला मिळणारे साहाय्य आणि मोठ्या वाहनांत हवेचा साठा भरणारे यंत्र ही दोन्ही इंजिनावर अवलंबून असतात.

अरुंद घाटात चढणाऱ्यास वाट द्यावी असा वाहतुकीचा नियम आहे, त्याच्या मुळाशीही हेच गणित आहे: चढावर थांबलेल्या भरल्या ट्रकला पुन्हा निघताना स्वतःची ओढ सोसून वर वेग मिळवावा लागतो. चढावर नादुरुस्त होऊन उभ्या राहिलेल्या वाहनाच्या चाकामागे दगड लावणे योग्यच. परंतु गाडी निघून गेल्यावर तो दगड रस्त्याच्या मध्यभागी ठेवून जाणाऱ्या मंडळींना, मागून रात्री येणाऱ्या दुचाकीस्वाराविषयी नेमके काय वाटत असते, हे कोडे मला आजवर उलगडलेले नाही.

राहिला प्रवासी. चालू वाहनात बसलेला प्रत्येक जण त्या वाहनाच्याच वेगाने धावत असतो, आणि वाहन थांबले तरी त्याला कोणीतरी स्वतंत्रपणे थांबवावे लागते. एसटीत कंडक्टरने एक घंटा दिली की उभ्याने दांडा धरावा, आणि पाय बसच्या लांबीच्या दिशेने, एक पुढे एक मागे, असे ठेवावेत. धक्का त्याच दिशेने येणार असतो. बस पुरती थांबण्यापूर्वी उडी घेणाऱ्याचे पाय जमीन धरते आणि धड पुढेच जाते, त्यामुळे तो बहुधा तोंडावर पडतो. आणि पुढच्या दाराने उतरणारा असेल तर मागचे चाक फार दूर नसते. मोटारीत हे थांबविण्याचे काम पट्टा करतो. ताशी ३६ किलोमीटरच्या साध्या वेगाने गाडी भिंतीवर आदळून तिचा पुढचा भाग अर्धा मीटर चेपला असे धरले, तर आतल्या माणसांच्या वेगात घट घडवून आणण्यास त्यांच्या वजनाच्या सुमारे दहापट बल लागते. मांडीवरच्या १० किलोच्या मुलाला धरून ठेवण्यासाठी त्या क्षणी आईच्या हातांना सुमारे १०० किलोचे ओझे पेलण्याइतके बल लावावे लागेल. ते कोणत्याही आईला शक्य नाही, मग माया कितीही असो. म्हणून मुलाला त्याच्या वयाच्या व वजनाच्या खास आसनात, मागे बसवावे, आणि मागच्या मोठ्या माणसांनीही पट्टा लावावा, कारण न बांधलेला मागचा प्रवासी पुढच्याच्या पाठीवर तेवढ्याच पटीने येऊन आदळतो.

हेल्मेटचे कार्यही अंतर वाढविण्याचेच आहे. उघडे डोके दगडावर आपटले की ते काही मिलिमीटरांत थांबते. आतला दोनतीन सेंटिमीटरांचा फोम चेपता चेपता तोच वेग अधिक अंतरात उतरवितो आणि डोक्यावरील बल त्या प्रमाणात अनेक पटींनी घटवितो. हनुवटीचा पट्टा न बांधलेले हेल्मेट मात्र आपल्या जडत्वाने आपल्या वाटेने निघून जाते, आणि एकदा जोराने आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी बदलावे, कारण आतील फोम एकदाच चेपला जाण्यासाठी असतो.

गाडीतील सुट्या वस्तूंनाही हेच नियम लागू आहेत. मागच्या काचेपाशी ठेवलेला दोन किलोचा डबा वरच्या हिशेबाने वीस किलोच्या जोराने पुढे येतो. जड सामान डिकीत, मागच्या आसनाच्या पाठीला टेकवून ठेवावे. आणि निघण्यापूर्वी चालकाच्या पायांजवळ पाण्याची बाटली, चप्पल किंवा मुलांचे खेळणे पडलेले नाही ना, हे वाकून पाहावे, कारण उतारावर गाडीचा वेग घटताना ती वस्तू आपोआप पुढे सरकते आणि ब्रेकच्या खाली जाऊन बसते.